हाड, लाकूड आणि आटे : जुन्या जर्मन बुद्धिबळ संचांच्या मागावर

या प्रवासाला मे महिन्याची सुरुवात सगळ्यांत सोयीची. शेवटी म्युनिकचा ‘आउअर दुल्ट’ हा जुना बाजार गाठता येतो. तो वर्षातून तीनदा आणि दर खेपेला नऊ दिवस भरतो : एप्रिल-मे, जुलै-ऑगस्ट आणि ऑक्टोबर. आधी त्याच्या तारखा बघाव्यात, मग विमानाचं तिकीट काढावं. संग्रहालयं अगोदर आणि बाजार शेवटी, हा क्रम मुद्दाम ठेवला आहे. उलट केलं की पैसे आधी जातात आणि नजर नंतर तयार होते.

सोबत दहापट भिंग, प्लास्टिकचा व्हर्नियर कॅलिपर (धातूच्या जबड्यांनी हाडावर ओरखडे उठतात), ३६५ नॅनोमीटरचा यूव्ही म्हणजे अतिनील किरणांचा टॉर्च, मऊ कुंचला आणि आम्लरहित टिश्यू कागद. बाजारात स्वस्त मिळणारा ३९५ नॅनोमीटरचा टॉर्च उपयोगाचा नाही, त्याच्या जांभळ्या उजेडात बघायचा तो फरकच बुडून जातो.

मंगळवार, वोल्फेनब्युटेल

हानोवरहून ब्राउनश्वाइग, आणि तिथून छोट्या गाडीने दहा-बारा मिनिटांवर वोल्फेनब्युटेल. ब्राउनश्वाइग-ल्युनेबुर्गचा ड्यूक आउगुस्ट (१५७९–१६६६) याचं ग्रंथालय इथे आहे. पुढे लायब्निट्स आणि लेसिंग या दोघांनीही इथे ग्रंथपालाची नोकरी केली. या ड्यूकने १६१६ मध्ये लाइपझिगहून बुद्धिबळावर जाडजूड जर्मन ग्रंथ छापला, तो ‘गुस्ताव्हुस सेलेनुस’ या टोपणनावाने. त्यात तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेल्या एका पानावर कातीव मोहऱ्यांची चित्रं आहेत. पुढे अठराव्या-एकोणिसाव्या शतकात जर्मन कातारींनी, म्हणजे लेथवर लाकूड-हाड कातणाऱ्या कारागिरांनी, जे उंच, नाजूक, मजल्यामजल्यांचे संच घडवले त्यांना संग्राहकांनी ‘सेलेनुस’ हे नाव दिलं. त्यामुळे विक्रेत्याने सेलेनुस म्हटलं म्हणून संच सतराव्या शतकातला ठरत नाही. हातात येणारे जवळजवळ सगळे १८००च्या आगेमागचे किंवा त्यानंतरचे असतात.

मूळ ग्रंथ रोज काचेत मांडलेला असतोच असं नाही. वाचनकक्षात बघायचा तर आधी लिहून ठेवावं. नुसतं चित्र बघायचं असेल तर ग्रंथालयाने केलेली डिजिटल प्रत घरीही उघडते, पण कागदावरची कोरीव रेघ भिंगाखाली बघण्यात वेगळी गंमत आहे.

सेलेनुस मोहरा म्हणजे पायाशी पातळ चकती, तिच्यावर निमुळता दांडा, दांड्याला कड्या आणि वर एकावर एक चढणारे मुकुट, देवळापुढच्या दीपमाळेसारखे. दर्जा उंचीवरून आणि मुकुटांच्या संख्येवरून ओळखायचा : बहुतेक संचांत राजाला सर्वांत जास्त, वजिराला त्याहून एक कमी, उंटाला आणखी कमी. घोड्याचं डोकं हाताने कोरलेलं, हत्तीच्या डोक्यावर बुरूज, आणि प्यादं म्हणजे त्याच दांड्याची धाकटी आवृत्ती. खेळायला हे संच गैरसोयीचेच. बाहीचा धक्का लागला तरी राजा आडवा होतो. इंग्लंडमध्ये १८४९ साली आलेला बुटका, जड स्टाँटन संच पुढे जर्मनीतही का रुजला, हे एक डाव खेळला की कळतं.

बुधवार, श्ट्र्योबेक

हाल्बरश्टाटपासून आठेक किलोमीटरवर हे छोटं गाव. गाडी भाड्याने घेतलेली बरी. गावाचं अधिकृत नावच ‘शाखडोर्फ श्ट्र्योबेक’, म्हणजे बुद्धिबळाचं गाव. इथल्या शाळेत १८२३ पासून बुद्धिबळ हा अभ्यासाचा विषय आहे. अकराव्या शतकात इथल्या बुरुजात ठेवलेल्या कैद्याने पहारेकऱ्यांना खेळ शिकवला, ही कथा गावात कुणीही सांगतं. ती कथा म्हणूनच ऐकावी. १६५१ ची गोष्ट मात्र पक्की : ब्रांडेनबुर्गचा इलेक्टर (सम्राट निवडण्याचा हक्क असलेला राजा) फ्रीडरिश विल्हेल्म याने गावाला एक पट भेट दिला. त्याच्या एका बाजूला नेहमीचा पट आणि दुसरीला ‘कुरियर’ खेळाचा.

संग्राहकाने इथे यायचं ते या कुरियर खेळासाठी. पट १२ × ८, म्हणजे ९६ घरं, आणि प्रत्येकी २४ मोहरे. नेहमीच्या मोहऱ्यांखेरीज दोन कुरियर आणि राजा-वजिराच्या शेजारची दोन जास्तीची माणसं. सेलेनुसने आपल्या ग्रंथात श्ट्र्योबेकच्या या खेळाची नोंद केली आहे, आणि बर्लिनच्या चित्रदालनात लुकास फान लायडनचं सोळाव्या शतकाच्या सुरुवातीचं एक चित्र आहे, त्यात हाच लांबट पट दिसतो. व्यवहारात याचा फायदा असा : ‘कुरियरचा दुर्मीळ मोहरा’ म्हणून एखादा सुटा, विचित्र डोक्याचा मोहरा दाखवला, तर तो बहुधा कुठल्यातरी फुटक्या सेलेनुस संचाचा उंट असतो. पुरे २४ जुळत नसतील तर कुरियर या शब्दाला पैसे देऊ नयेत.

गुरुवार, वायमार

इथे अर्धा दिवस पुरतो. बाउहाउस या विसाव्या शतकातल्या आधुनिक कला-रचनेच्या शाळेचं नवं संग्रहालय २०१९ मध्ये उघडलं, तिथे योझेफ हार्टविगचा १९२३-२४ चा संच बघायचा. पेअरचं (नाशपातीच्या जातीचं) लाकूड, एक बाजू नैसर्गिक, दुसरी काळी. मोहऱ्याची चाल हाच त्याचा आकार : घोडा काटकोनी, उंट तिरप्या फुलीसारखा, हत्ती आणि प्यादं साधे घन. यात काताऱ्याच्या लेथला जवळजवळ काम उरलेलं नाही, वजिराच्या डोक्यावरचा गोल काय तो. नेफ ही स्विस कंपनी याची अधिकृत प्रतिकृती काढते. तीच झिजवून जुनी म्हणून खपवण्याचे प्रकार होतात. मूळ संच बाजारात सहज मिळेल या भ्रमात राहू नये.

शुक्रवार, न्युर्नबेर्ग

एरफुर्टहून २०१७ मध्ये सुरू झालेल्या जलद मार्गाने तासाभरात न्युर्नबेर्ग. हे कातारींचं शहर. श्टेफान झिक (१६३९–१७१५) आणि त्याचं घराणं इथलंच. हस्तिदंताचे उघडझाप होणारे डोळे, कान असली शरीरशास्त्राची प्रतिरूपं तो लेथवर काढत असे. जर्मानिशेस नात्सिओनालम्युझियममध्ये जुन्या हत्यारांपासून खेळण्यांपर्यंत सगळं आहे. बुद्धिबळाचे मोहरे बघताना शेजारच्या कातीव डब्या आणि पेलेही बघावेत, कारण कड्यांची तीच वळणं मोहऱ्यांवर आलेली दिसतात.

लाकडी संचांची तपासणी इथे पक्की करून घ्यावी. फिकी बाजू बहुधा बॉक्सवुड किंवा मेपल, गडद बाजू प्लम, अक्रोड, एबनी किंवा काळं केलेलं पेअर. बॉक्सवुडचा कण इतका घट्ट की त्यावर बारीक आटे पाडले तरी तुटत नाहीत, म्हणून चांगले लाकडी संच बॉक्सवुडचे आणि पेचाने जोडलेले. स्वस्त संचांत नुसती खुंटी आणि सरस. काळं पेअर आणि एबनी यांतला फरक बैठकीच्या कडेला झिजलेल्या जागी दिसतो : पेअर आतून तांबूस-तपकिरी निघतं, एबनी काळंच राहतं.

वय तपासायची सर्वांत भरवशाची खूण फुकट आहे. बैठकीचा व्यास व्हर्नियरने दोन काटकोनी दिशांना मोजा. लाकूड वर्तुळाकार वळ्यांच्या दिशेने जास्त आणि त्रिज्येच्या दिशेने कमी आकसतं, त्यामुळे दीडशे वर्षांपूर्वी गोल कातलेली चकती आज काही दशांश मिलिमीटरने लंबगोल झालेली असते. बत्तीसच्या बत्तीस बैठकी तंतोतंत गोल निघाल्या तर संच नवा आहे किंवा पुन्हा लेथवर चढवलेला आहे. तळाला हिरवी बनात चिकटवलेली असेल तर तिच्याखाली काय दडवलंय हे विचारावं. जुन्या सेलेनुसला ती सहसा नसते, आणि आत शिशाचं वजनही नसतं.

किड्यांची भोकं दीड ते दोन मिलिमीटरची, गोल. भोकं जुनी असली तर कडा मळकट असतात आणि काही पडत नाही. फिकट ताजी भुकटी पडली तर आत अळी जिवंत आहे. असा मोहरा घेतलाच तर हवाबंद पिशवीत घालून उणे २० अंशावर किमान आठवडाभर ठेवायचा, आणि बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण चोवीस तास उघडायची नाही. लगेच उघडली की थंड लाकडावर पाणी धरतं आणि चपडीचं पॉलिश पांढुरकं पडतं. हाडाचे मोहरे या उपायाला लावू नयेत.

शनिवार, गाइस्लिंगेन

श्वाबियन डोंगररांगेच्या पायथ्याचं हे गाव पूर्वी घाटमार्गावरचा मुक्काम होतं. गाइस्लिंगेनचा रेल्वेघाट १८५० मध्ये सुरू झाला, तोवर सगळी वाहतूक घोडागाडीची. थांबलेल्या प्रवाशांना हाडाच्या आणि हस्तिदंताच्या कातीव वस्तू विकणं हा इथला मोठा धंदा होता. उल्मजवळचा नवा जलद मार्ग २०२२ अखेरीस सुरू झाल्यापासून बहुतेक वेगवान गाड्या या घाटातून जात नाहीत, त्यामुळे साध्या गाडीनेच यावं. ‘आल्टर बाऊ’ या पंधराव्या शतकातल्या उंच लाकडी कोठारात गावाचं संग्रहालय आहे. उघडण्याच्या वेळा मोजक्या, म्हणून आधी फोन करावा.

हाडाचं काम समजलं की निम्मी फसवणूक टळते, म्हणून इथे जास्त थांबायचं. कातारी घेतो ते गुराच्या पायाचं लांब हाड, त्यातही गुडघ्याखालचं सरळ आणि जाड भिंतीचं. दोन्ही टोकं करवतीने उडवायची, मज्जा काढायची, राखेच्या किंवा सोड्याच्या पाण्यात उकळून वर येणारी चरबी काढत राहायची, मग सावलीत वाळवून उन्हात पांढरं करायचं. उकळण्यात घाई झाली तर चरबी आत राहते, आणि पुढे वर्षानुवर्षं ती पिवळट, तेलकट डागांच्या रूपाने बाहेर येते. जुन्या संचातले असले डाग मळ समजून घासू नयेत. घासून ते जात नाहीत, पॉलिश मात्र जातं.

उरते ती पोकळ नळी, भिंत फार तर सेंटिमीटरभर जाड. सगळा आकार याच मर्यादेतून निघतो. भिंतीच्या चिरफाळ्यांतून दांडे, टोकं आणि प्यादी; नळीच्या आडव्या कापांतून मुकुटाच्या कड्या, ज्यांना मग कानशीने पाकळ्या काढायच्या; आणि बैठकीसाठी नळीचा काप घेऊन मधल्या भोकात हाडाचीच गुडदी ठोकायची. दहा-बारा सेंटिमीटरचा राजा त्यामुळे कधीच एकसंध नसतो, चार-सहा तुकडे आट्यांनी एकमेकांत बसवलेले असतात. शेवटी हॉर्सटेल या खरखरीत वनस्पतीने आणि प्युमिस या सच्छिद्र दगडाच्या भुकटीने घासायचं, मग खडूची भुकटी आणि साबणाचं पाणी.

म्हणजे राजाची बैठक उलटी केली आणि ती तीन-साडेतीन सेंटिमीटर रुंद, जाड, भरीव, गुडदीशिवाय निघाली, तर ते गुराचं हाड नव्हे. मग ते हस्तिदंत आहे की प्लास्टिक एवढाच प्रश्न उरतो. भिंगाखाली हाडाच्या आडव्या कापावर बारीक गडद ठिपके आणि उभ्या बाजूला त्यांच्याच तुटक रेषा दिसतात. रक्तवाहिन्यांच्या त्या सूक्ष्म नळ्या, शंभर वर्षांच्या मळाने भरलेल्या. हस्तिदंताच्या आडव्या कापावर याऐवजी एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी असते. ठिपके आहेत पण आत मळच नाही, सगळं खडूसारखं पांढरंफटक, तर कुणीतरी हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये बुडवून ‘स्वच्छ’ केलं आहे. त्यावर इलाज नाही.

लाल बाजूचा रंग कोचिनील किड्यांचा किंवा ब्राझीलवुडचा. ब्राझीलवुड म्हणजे आपल्याकडच्या पतंग लाकडाचा भाऊबंदच. हाड सौम्य आम्लात किंचित खरवडून घेतल्याशिवाय रंग धरत नाही, आणि धरला तरी खोल जात नाही. उजेडाने तो विटतो, पण आट्यांच्या आत जिथे उजेड पोचला नाही तिथे मूळचा गडद लाल शिल्लक राहतो.

एरबाखचं हस्तिदंत संग्रहालय या मार्गातून वगळलं आहे. ते बघण्यासारखं आहे, पण तिथे शिकलेलं विकत घेताना उपयोगी नाही, कारण हस्तिदंत घेऊच नये. जानेवारी २०२२ पासून युरोपीय संघात १९४७ पूर्वीच्या घडीव हस्तिदंतालाही विक्रीसाठी प्रमाणपत्र लागतं, आणि व्यापारासाठी संघाबाहेर नेणं मोजके अपवाद सोडता बंद आहे. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा आहेच. चिठ्ठीवर ‘बाइन’ म्हणजे हाड आणि ‘एल्फेनबाइन’ म्हणजे हस्तिदंत, एवढं वाचता आलं तरी पुष्कळ. बऱ्याच जणांनी हाडाचा म्हणून घेतलेल्या संचात राजा-वजिराचीच टोकं हस्तिदंताची निघतात, म्हणून टोकं वेगळी तपासावीत.

रविवार, म्युनिक

आउ भागातल्या मारियाहिल्फ चौकात दुल्ट भरतो. भांडीकुंडी आणि पाळण्यांची बाजू सोडून थेट जुन्या वस्तूंच्या गल्ल्यांकडे जावं, दुकानं मांडली जात असतानाच.

सरकत्या झाकणाच्या डब्यातला लाल-पांढरा हाडाचा संच समोर आला की उत्साह आवरून मोजणी आधी. बत्तीस भरले तरी रांगा लावाव्यात : चार हत्ती एकत्र, चार घोडे एकत्र, सोळा प्यादी एका ओळीत. प्याद्यांच्या उंचीत अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे हे हातकामाचं लक्षण, त्यात वावगं काही नाही. बघायचा तो कड्यांचा क्रम. सगळ्यांना जाड-बारीक-बारीक असा क्रम असून एकाला बारीक-जाड-बारीक असेल, तर ते प्यादं दुसऱ्या घरचं. घोड्यांत एका रंगाचे दोन्ही एकाच हाताने कोरलेले असायला हवेत. नाकपुडी, दात आणि आयाळीच्या खाचा शेजारी धरल्या की फरक लपत नाही.

मग यूव्ही टॉर्च, रुमालाच्या आडोशाने. जुनं हाड निळसर-पांढरं, मळलेल्या जागी पिवळसर चमकतं. एखादी पाकळी मंद किंवा वेगळ्याच रंगाची दिसली तर ती रेझिनची भर. तापवलेली सुई टोचून बघायची जुनी चाचणी कुणी सुचवली तर नको म्हणावं. हाडावर कायमचा डाग पडतो, आणि मोहरा सेल्युलॉइडचा निघाला तर पेट घेतो.

शेवटी विक्रेत्याला विचारून मोहरे उघडावेत. हीच पायरी लोक संकोचाने टाळतात आणि इथेच संच खरा की जुळवलेला ते कळतं. दांडा एका हातात सर्वांत जाड जागी धरून मुकुट डावीकडे, जोर न लावता फिरवायचा. अडला तर थांबायचं, आत सरस असतो. आटे उघडले की तीन गोष्टी बघायच्या : आत लाल रंग शिल्लक आहे का, आट्यांच्या खाचेत जुना मळ आहे का, आणि मुकुट परत बसताना खांद्याला सरळ टेकतो का. बदललेल्या तुकड्याचे आटे पांढरे आणि स्वच्छ असतात, किंवा बाहेरच्यापेक्षा आत फिके. दुकानांत सफाई करताना मुकुटांची अदलाबदल सर्रास होते, वजिराचा मजला उंटावर चढतो. मग मोहरा वाकडा उभा राहतो आणि विक्रेता म्हणतो हाड वाकलंय. असे सुटे भाग आपापल्या जागी लावून बघावेत. निम्म्या वेळा संच पूर्ण निघतो, फक्त चुकीचा जोडलेला असतो, आणि भाव मात्र मोडक्याचा सांगितलेला असतो.

मोडकं किती चालवून घ्यावं? पाकळीचं टोक गेलेलं चालतं, प्याद्याची कडी चिरलेली चालते. राजाचा वरचा शेंडा नसेल तर भावात मोठी सूट मागावी, कारण नवा शेंडा कातणारा माणूस जुन्या आट्यांचं माप जुळवण्यातच दिवस घालवतो. घोड्याचं डोकं नसेल तर संच सोडावा. तुकडे फेविक्विकसारख्या डिंकाने चिकटवलेले दिसले, सांध्याभोवती पांढुरकी वाफ धरलेली दिसली, तरीही सोडावा. तो डिंक हाड न दुखावता निघत नाही. सरसाचा सांधा मात्र कोमट ओलाव्याने सुटतो आणि पुन्हा जोडता येतो. आटे सैल झालेत एवढंच दुखणं असेल तर सुती दोऱ्याचा एक पदर मेणात भिजवून आट्यात गुंडाळला की पुरे.

भावात घासाघीस चालते, पण दोष दाखवून. वाटेल तितकं कमी मागितलं की डब्याचं झाकण सरकवलं जातं.

सोमवार, परतीची बांधाबांध

पावतीवर वस्तूचं वर्णन लिहून घ्यावं : गुराचं हाड, लाकूड कोणतं, अंदाजे काळ, हस्तिदंत नाही. जुन्या मालावर जर्मन व्यापारी बहुधा खरेदी-विक्रीच्या किमतींतल्या फरकावरच कर भरतात, म्हणून पावतीत व्हॅट वेगळा दिसत नाही आणि विमानतळावर परतावाही मिळत नाही. गडद लाकूड ब्राझिलियन रोजवुड असण्याची शंका आली तर घेऊ नये. ते १९९२ पासून साइट्स या दुर्मीळ जीवजातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे. मुंबईत उतरल्यावर सीमाशुल्काच्या लाल मार्गाने, म्हणजे माल जाहीर करून, जावं. शंभर वर्षांवरच्या पुराण वस्तूंना सीमाशुल्काच्या वर्गवारीत ९७०६ हे वेगळं शीर्षक आहे, पण वय दाखवायला तीच पावती लागते. पुढे संच देशाबाहेर न्यायचा झाला तरी तिचीच गरज पडेल, म्हणून ती डब्यात नको, फाइलमध्ये ठेवावी.

मोहरे उघडून बांधू नयेत, सुटे आटे एकमेकांवर आपटून तुटतात. प्रत्येक मोहरा टिश्यूत सैल गुंडाळून आडवा ठेवावा, मुकुटाच्या बाजूला कागदाचा बोळा, आणि सगळं केबिन बॅगेत.

युरोपातल्या तापवलेल्या खोल्यांत हाड कोरडं पडून तडकतं. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात उलटं, ८०-९० टक्के आर्द्रतेत त्यावर बुरशी धरते आणि लाल रंग बोटांना लागतो. ४५ ते ५५ टक्के हे सुरक्षित माप. घट्ट झाकणाच्या डब्यात आर्द्रतामापक आणि सिलिका जेल ठेवावं, पण जेल थोडं थोडं वाढवावं. एकदम मोठी पिशवी टाकली तर आर्द्रता दोन दिवसांत तिशीवर येते आणि जर्मनीत दीडशे वर्षं न गेलेला तडा इथे जातो. डबा बाहेरच्या भिंतीला लागून ठेवू नये, आणि नॅफ्थॅलीनच्या गोळ्या सेल्युलॉइड किंवा लाखेच्या जवळ नकोत. बुरशी दिसलीच तर कोरड्या मऊ कुंचल्याने, खिडकीजवळ, तोंडाला फडकं बांधून झटकावी. लाल मोहऱ्याला पाणी लावू नये, थुंकीही नाही.